अतिचंचल बालक आणि औषधाआधीचे उपचार

बालक म्हटले की चांचल्य हे आलेच. तीन-चार वर्षांचे मूल एका जागी स्वस्थ बसत नाही, याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु काही बालकांची चंचलता वयाच्या मानाने फारच अधिक असते. गोष्ट ऐकताना ती मध्येच उठून जातात, आपली पाळी येईपर्यंत त्यांना दम धरवत नाही, धोका न ओळखता ती रस्त्याकडे धाव घेतात. घरी ‘व्रात्य’ आणि बालवाडीत ‘त्रासदायक’ अशी विशेषणे त्यांना लवकरच चिकटतात. पाठोपाठ मारही बसू लागतो. वस्तुतः यांपैकी काही बालकांच्या वर्तनाचे मूळ बेशिस्तीत नसून मेंदूच्या विकासातील वेगळेपणात असते.

दोष संगोपनाचा नव्हे

या अवस्थेस अवधान-न्यूनता व अतिचंचलता असे म्हणतात. ‘एडीएचडी’ हे तिचे रूढ संक्षिप्त नाव. जॉर्ज स्टिल या इंग्लिश बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडन येथील आपल्या व्याख्यानांत अशा बालकांचे वर्णन केले होते. पुढील संशोधनातून या अवस्थेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. आईने लाड केले म्हणून मूल असे झाले, हा समज निराधार आहे.

ही अवस्था रक्ताच्या एखाद्या तपासणीने कळत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकून आहेत काय, ती बारा वर्षांच्या आत सुरू झाली काय, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात काय, हे तज्ज्ञ पाहतात. कमी ऐकू येणे, दृष्टिदोष, अपुरी झोप किंवा रक्तक्षय यांमुळेही मुलाचे लक्ष लागत नाही. म्हणून या गोष्टींची तपासणी प्रथम करून घेणे अगत्याचे आहे.

पहिला उपचार पालकांमार्फत

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चार ते सहा वर्षांच्या आतील बालकांसाठी पहिला उपचार औषध हा नसून, बालकाचे वर्तन कसे हाताळावे याचे पालकांना दिलेले प्रशिक्षण हा आहे. या वयात औषधांचा गुण तुलनेने कमी येतो आणि भूक मंदावणे, चिडचिड वाढणे असे दुष्परिणाम अधिक दिसतात.

या प्रशिक्षणातील तत्त्वे कोणत्याही घरात आचरणात आणण्याजोगी आहेत. ‘नीट वाग’ या सांगण्यातून अशा बालकास काहीच बोध होत नाही. जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांकडे पाहून ‘चपला फळीवर ठेव’ अशी एकच, छोटी सूचना द्यावी. ती पाळली गेली की तत्काळ कौतुक करावे आणि ते कशाबद्दल हेही सांगावे. दूरच्या बक्षिसावर या मुलाचे मन टिकत नाही. संध्याकाळी मिळणाऱ्या खाऊपेक्षा त्याच क्षणी मिळालेली शाबासकी अधिक गुणकारी ठरते. किरकोळ खोड्यांकडे दुर्लक्ष करावे. आई, वडील, आजी, आजोबा या सर्वांचे नियम एकच असावेत. आईने नाही म्हटलेले आजीने दिले, तर मूल नियम शिकत नाही. मारामुळे मूल क्षणभर थांबते. परंतु काय करावयाचे हे त्यास मारातून कळत नाही.

झोप, खेळ आणि आहार

दिनक्रम निश्चित असणे या बालकांना विशेष उपयुक्त ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविल्याप्रमाणे तीन ते चार वर्षांच्या कोणत्याही बालकास दिवसाच्या डुलकीसह १० ते १३ तास झोप आणि दिवसभरात किमान तीन तास हालचाल मिळावी. दूरदर्शन संच व मोबाइल यांसमोर बैठक एक तासाहून अधिक नसावी. चंचल मुलास शिक्षा म्हणून खेळायला न सोडणे ही तर उलटी रीत होय.

आहाराविषयी अनेक समजुती आहेत. साखरेने मुले अतिचंचल होतात, हे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत सिद्ध झालेले नाही. कृत्रिम खाद्यरंगांबाबत मात्र इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील २००७ च्या अभ्यासात काही मुलांवर थोडा परिणाम दिसला. युरोपीय संघात २०१० पासून सहा रंगांच्या संदर्भात वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक झाले. रंगीत गोळ्या व पेये टाळल्याने नुकसान काहीच नाही. पण तेवढ्याने अवस्था बरी होईल, अशी अपेक्षा धरू नये.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

बुद्धिवर्धक म्हणून विकली जाणारी चूर्णे व गुटिका वनस्पतिजन्य आहेत, म्हणून निरुपद्रवी असतील असे नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिशामुळे बालकाच्या मेंदूस इजा होऊन अवधानच घटते. सबब अर्हताप्राप्त चिकित्सकाच्या सल्ल्यावाचून असे काही देऊ नये.

मदत कोठे मिळेल?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शालेय विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करतात. तपासणीच्या विकारांत अतिचंचलतेचाही समावेश असून, गरजू बालकास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. पालकांनी आपली शंका अंगणवाडी सेविकेस निःसंकोच सांगावी.

या उपायांनंतरही अडचण तीव्र राहिली, तर तज्ज्ञ औषध सुचवितात. सहा वर्षांपुढील मुलांत वर्तनोपचारासोबत औषधांचा चांगला उपयोग होतो. औषध घ्यावे लागणे हे पालकांचे अपयश नव्हे, आणि सुरू असलेले औषध परस्पर बंदही करू नये.

शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहे. घरात मात्र तो निर्णय आई-वडिलांनाच घ्यावयाचा आहे. मूल शाळेत जाण्यापूर्वीच तो घेतला गेला, तर ‘मी वाईट आहे’ ही समजूत त्याच्या मनात रुजण्याआधीच त्यास योग्य मदत मिळू शकेल.