झाडांभोवतीचे फुलवाफे व हरळीचा उपद्रव

कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरांच्या पायथ्याशी ठाकुरवाडी या नावाच्या वस्त्या आढळतात. अशा ठिकाणी उतारावरील आंब्याची कलमे लहान असेपर्यंत त्यांच्याभोवती पावसाच्या पाण्यावर झेंडू घेतल्यास दसरा-दिवाळीस चार पैसे हाती येतात. मात्र आपण वाफ्याची मशागत करून खत घालतो, आणि त्यावर प्रथम हक्क सांगते ते गवत!

शेतकरी बंधूंनो, या गवतात हरळी व लव्हाळा हे दोन मुख्य शत्रू होत. हरळीची धावती खोडे पेऱ्यापेऱ्यास मुळे धरतात. कुदळीने तिचे तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा नवे रोप बनतो. लव्हाळ्याचे पाते उपटले तरी जमिनीतील गाठ शिल्लक राहून पुन्हा फुटते. म्हणून पेरणीपूर्वी वाफ्यातील हरळीची मुळे वेचून कातळावर कडक वाळवावीत. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. लव्हाळा दर पंधरा-वीस दिवसांनी खुरप्याने गाठींसह काढावा.

वाफ्याच्या कडेने एक वीत रुंद व तितकाच खोल चर खणावा. बाहेरील हरळी चरात उतरताच दिसते व सहज छाटता येते. बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडावी. झाडाची अन्न शोषणारी मुळे बहुतांशी वरच्या थरात असल्याने तेथे खोल खणू नये. बुंध्याशी माती वा पालापाचोळा चढविल्यास साल कुजते.

तणनाशकाचा मोह टाळावा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र शासनाने २०२२ साली निर्बंध घातले आहेत. शिवाय कोवळ्या हिरव्या सालीवर त्याचे तुषार पडल्यास कलमास इजा होते.

पाऊस सरताच वाफ्यावर भाताच्या पेंढ्याचे चार बोटे जाड आच्छादन द्यावे. त्याने ओल टिकते व गवताचे बी सहसा उगवत नाही. कलम फळास आले म्हणजे मात्र मोहोरापूर्वी त्यास पाण्याचा ताण आवश्यक असतो; तेव्हा त्याखाली ओलिताची फुलझाडे घेऊ नयेत.

सर्वांत मोठा धोका उन्हाळ्यातील वणव्याचा. वाळलेल्या गवतावरून धावत आलेली आग पाच वर्षे जोपासलेले कलम एका दुपारी करपवून टाकते. पेंढाही तेव्हा सरपणच ठरतो. यास्तव माघ संपण्यापूर्वी आच्छादन मातीखाली झाकावे, आळ्यातील गवत काढावे आणि बागेभोवती दोन-तीन मीटर रुंदीची जाळरेषा स्वच्छ ठेवावी. वाडीतील सर्वांनी हे काम एकाच आठवड्यात केल्यास अधिक हिताचे. कारण वणवा कोणाचाही बांध ओळखत नाही.

खुरप्याचे काम कंटाळवाणे खरे, पण कलम वाचते ते त्यानेच.