काना-मात्रा नसलेला पेपर

समजा, उद्या सकाळी दारात पडलेल्या पेपरात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी-उकार तर नाहीतच. 'पुणे', 'पाणी' आणि 'पण' हे तिन्ही शब्द नुसते 'पण' असे छापलेत. वाचाल का? तुम्ही म्हणाल, संदर्भावरून लागेल की! इस्रायलमधल्या विद्यापीठांत हिब्रू शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांना नेमकं हेच जमवावं लागतं.

हिब्रूत अक्षरं २२, सगळी व्यंजनं, लिहायची उजवीकडून डावीकडे. स्वरांसाठी टिंबं आणि रेघा आहेत, पण त्या लहान मुलांच्या पुस्तकांत, कवितांत, प्रार्थनांत. रोजच्या पेपरात नाहीत. दोन-चार अक्षरं स्वरांचं थोडंफार काम करतात, बाकी तुमचं डोकं. सामेख, पे, रेश ही तीन अक्षरं ओळीनं आली तर 'सेफेर' म्हणजे पुस्तक, 'सापार' म्हणजे न्हावी आणि 'साफार' म्हणजे 'त्यानं मोजलं'. काय घ्यायचं ते पुढचा शब्द सांगणार.

जेरुसलेमचं हिब्रू विद्यापीठ १९२५ मध्ये सुरू झालं. तिथल्या भाषावर्गांना 'उल्पान' म्हणतात आणि पायऱ्या अक्षरांच्या क्रमानं, आलेफपासून वावपर्यंत. खालच्या पायऱ्यांवर सोप्या केलेल्या बातम्या. याची परंपरा तिथं जुनी आहे. देश नवा, जगभरातून आलेली माणसं वेगवेगळ्या भाषा बोलणारी. त्यांच्यासाठी १९५१ मध्ये 'ओमेर' हे स्वरचिन्हांसकट छापलेलं दैनिक निघालं. वरच्या पायऱ्यांवर मात्र खराखुरा 'हाआरेत्झ' किंवा 'येदिओत अहरोनोत' समोर येतो.

बातम्यांतूनच का? कारण आजची हिब्रू घडली त्यात पेपरचा मोठा हात आहे. शेकडो वर्षं ती मुख्यतः प्रार्थनेची आणि ग्रंथांची भाषा होती. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आला, घरात फक्त हिब्रू बोलायची असं ठरवलं आणि १८८४ मध्ये 'हत्स्वी' हा पेपर काढला. नवे शब्द बनवायचे आणि सरळ बातमीत वापरून टाकायचे, असा खाक्या! वर्तमानपत्राला तेव्हा 'काळाचं पत्र' अशा अर्थाचा जोडशब्द होता. त्यानं 'एत' म्हणजे काळ यावरून 'इतोन' हा सुटसुटीत शब्द केला. आपल्या 'नियतकालिका'तला काल आठवला ना?

शब्द बनतात तीन व्यंजनांच्या मुळावरून. काफ-ताव-बेत घ्या. 'मिख्ताव' म्हणजे पत्र, 'क्तोवेत' म्हणजे पत्ता, 'कताव' म्हणजे बातमीदार आणि 'कतावा' म्हणजे त्यानं लिहिलेला वृत्तान्त. अरबीतही हेच मूळ आहे, तिथूनच आपल्याकडे 'किताब' आला. एक मूळ कळलं की अर्धी हेडलाइन सुटते. उरलेल्या अर्धीत लघुरूपं असतात, पण 'मनपा' आणि 'झेडपी' वाचणाऱ्यांना त्याचं काय एवढं!

खरी गंमत, किंवा खरी अडचण, यापुढे आहे. जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या त्याच भूभागाला एक बातमी 'हगादा हमाअरावित' म्हणेल, म्हणजे पश्चिम काठ. दुसरी 'येहुदा वेशोमरोन' म्हणेल, ही बायबलमधली नावं. सरकार आणि उजवे पक्ष तीच वापरतात. तिसरी नुसतं 'हश्ताखिम', म्हणजे 'प्रदेश'. डावीकडचे लोक त्यापुढे 'व्यापलेले' हे विशेषण लावतात. 'नेहेरग' म्हणजे मारला गेला, 'निर्त्साख' म्हणजे त्याचा खून झाला. शब्दकोश हा फरक सांगतो. कुणाच्या मरणाला कुठला शब्द लागतो, ते पेपर सांगतो. आपल्याकडे १८५७ ला बंड म्हणायचं, उठाव म्हणायचं की स्वातंत्र्यसमर? तसंच. फक्त तिथं ते दीडशे वर्षांपूर्वीचं नाही, आज सकाळचं आहे. वर्गात परिच्छेद मोठ्यानं वाचणाऱ्याला कुठला तरी एक शब्द तोंडातून काढावाच लागतो, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्याचं घर कदाचित त्याच भूभागात असतं. मला विचाराल तर भाषेच्या वर्गाला बातमी हवी ती यासाठीच, नुसत्या शब्दसंख्येसाठी नव्हे.

तोटाही आहे म्हणा. 'हफसाकात एश' म्हणजे शस्त्रसंधी, 'बखिरोत' म्हणजे निवडणुका, हे तोंडपाठ होतं आणि बाजारात कांदा मागताना तत-पप होतं. (कांद्याला 'बात्साल' म्हणतात. लागेल कधीतरी.)

ही भाषा आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं ते १८३२ मध्ये, ज्या वर्षी बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं त्याच वर्षी! पुढे याच समाजातले जोसेफ इझिकेल राजपूरकर मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले. आणि इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

ट्राय करायचंय? 'कान' या तिथल्या सार्वजनिक वाहिनीचं एखादं बुलेटिन ऑनलाइन लावा आणि पहिल्या आठवड्यात फक्त नावं पकडा. आपल्या देशाचं नाव तिथं 'होदू'. टर्की कोंबडीलाही 'होदू'च म्हणतात. त्यामुळे पेपरात होदू दिसला की आधी पान बघा, परराष्ट्राचं आहे की पाककृतींचं.