बाणाची दांडी कशी निवडावी?

मुलांना धनुष्यबाणाचे चित्र काढायला सांगितले, तर वाकलेले धनुष्य, ताणलेली दोरी आणि पट्टीने आखल्यासारखा सरळ बाण असे चित्र बहुधा मिळते. बाण सुटण्यापूर्वीचा असेल तर चित्र बरोबर आहे. सुटल्यानंतरचा असेल तर मात्र चूक. दोरी सुटताच बाण सापासारखा वळवळतो, आणि तसा वळवळतो म्हणूनच नेमावर लागतो.

साध्या लाकडी धनुष्यात बाण मधोमध बसत नाही. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण मुठीच्या डाव्या कडेला टेकलेला असतो. दोरी पूर्ण ओढली की त्याचे टोक नेमाकडे असते. पण सुटलेली दोरी धनुष्याच्या मध्याकडे धावते, तसतशी बाणाची शेपटीही मध्याकडे येते आणि टोक डावीकडे वळायला हवे. प्रत्यक्षात चांगला बाण सरळ जातो. या कोड्याला धनुर्धराचा विरोधाभास म्हणतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930च्या दशकात अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा त्याची उकल डोळ्यांना दिसली.

पंचवीस-तीस ग्रॅमच्या बाणावर मागून सुमारे 20 किलो वजनाइतका जोर एकदम येतो. शिवाय बोटांवरून घसरताना दोरी शेपटीला बाजूचा झटका देते. टोक जडत्वामुळे मागे रेंगाळते, शेपटी पुढे रेटते, मधली दांडी वाकते. मग ती उलट बाजूला वाकते आणि त्या लयीत धनुष्याच्या मुठीला वळसा घालून निघून जाते. हे सारे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत घडते. दांडी फार ताठ असेल तर वळसा पुरा होत नाही आणि बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल तर तो उजवीकडे जातो. म्हणजे नुसती 'चांगली' दांडी असे काही नसते. ती त्या धनुष्याला साजेशी असावी लागते.

शिकारीत याला अधिक महत्त्व येते. (आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला बंदी आहे, अमेरिकेत परवाना घेऊन ठरावीक हंगामात धनुष्याने हरणे मारतात.) बाण मारतो तो पात्याच्या कापण्याने. तिरपा, हेलकावत आलेला बाण आत पुरेसा शिरत नाही, आणि जखमी हरीण रानात कुठेतरी कण्हत मरते. त्यातून शिकारीचे पाते जड. टोक जड झाले की ते अधिक रेंगाळते आणि तीच दांडी अधिक वाकते. म्हणून नुसते पाते बदलले तरी दांडी पुन्हा तपासावी लागते.

ताठरपणा मोजण्याची रीत सोपी आहे. कार्बन तंतूंच्या दांडीसाठी 28 इंचांवर दोन टेकू देऊन मध्ये 880 ग्रॅम वजन टांगतात. अर्धा इंच झोळ पडला तर दांडीचा क्रमांक 500, म्हणजे इंचाचे पाचशे सहस्रांश. क्रमांक जितका मोठा तितकी दांडी लवचीक! नवख्याची इथेच फसगत होते.

हे आकडे नसतानाही माणसे उत्तम बाण करत होती. 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ याही जमातीचा अखेरचा माणूस एकटा सापडला. आपले नाव त्याने सांगितले नाही. त्याच्या भाषेत 'माणूस' अशा अर्थाच्या 'इशी' या शब्दाने लोक त्याला ओळखू लागले. सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून सारे लिहून ठेवले. इशी विच हेझल या झुडपाच्या करंगळीएवढ्या जाड, सरळ काड्या तोडी, साल काढून एकत्र बांधून वाळवी, निखाऱ्यांवर ऊब देऊन बाक काढी आणि वाळूच्या दगडांमध्ये घासून त्या गुळगुळीत करी. 1916 मध्ये तो क्षयाने गेला. पोपनी लिहिले नसते तर हे ज्ञानही त्याच्याबरोबर गेले असते.

घासण्याने काय साधते, ते वर्गात पाहता येईल. दोन विटांवर 60 सेंटिमीटर अंतरात बांबूची गोल काठी ठेवा, मध्ये अर्धा किलो वजन टांगा आणि झोळ मोजा. अंतर 66 सेंटिमीटर केले, तर झोळ सुमारे 1.33 पट होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडीचा परिणाम याहून मोठा: झोळ व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्याच लाकडाची भरीव काठी 7 ऐवजी 8 मिलिमीटर घेतली, तर ती 1.7 पट ताठ. दगडाने काढलेल्या चिमूटभर भुशाचे मोल यावरून कळावे.

आम्ही बाजारातून आणलेल्या एका जुडीतल्या काठ्या मोजल्या, तर दिसायला सारख्या काठ्यांचा झोळ चांगलाच वेगळा निघाला. मग त्यांतली एक जागच्या जागी पाव फेरी फिरवून पुन्हा मोजली. झोळ पुन्हा बदलला! लाकडी बाण करणारे कारागीर दांडीची ताठ बाजू धनुष्याकडे येईल अशी पाहूनच मागची खाच पाडतात.