‘जागतिक अध्ययन’ कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरावीक चर्चा सुरू होते : सी.ए., अभियांत्रिकी, की घरची पेढी? अशा घरातील एखाद्या कन्येने ‘मला जागतिक अध्ययनात पदवी घ्यायची आहे’ असे सांगितले, तर ‘त्याने पुढे काय होणार?’ असा प्रश्न वडीलधारे विचारणारच. हा प्रश्न अनाठायी नाही. म्हणूनच त्याचे उत्तर गांभीर्याने द्यावयास हवे.

या शाखेत अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि बहुधा एखादी परकीय भाषा यांचा एकत्र अभ्यास होतो. एका देशातील निर्णय दुसऱ्या देशातील माणसाच्या शेतापर्यंत आणि ताटापर्यंत कसा पोहोचतो, याचा शोध घेणे हा तिचा गाभा.

सांगली-तासगाव भागातील द्राक्ष बागायतदारांना हे वेगळे सांगावे लागत नाही. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपच्या बाजारात भारतीय द्राक्षे नाकारली गेली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घालावा लागला आणि या नाशवंत मालाचा प्रवास लांबला. बागेतील कष्ट तेच होते. फळ मात्र दूरदेशीच्या घडामोडींवर अवलंबून राहिले. त्या घडामोडी आधीच ओळखू शकणारे माणूस बागायतदाराच्या घरातूनच का घडू नये?

आपल्या समाजाला हा मार्ग अपरिचितही नाही. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी म्हणजेच आत्मारामजी महाराजांना आले. साधुधर्माच्या मर्यादेमुळे त्यांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांच्या वतीने गेले ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे पदवीधर, अवघ्या २९ वर्षांचे वीरचंद राघवजी गांधी. समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी त्यांना विरोध केला. तरीही पाश्चात्त्यांना जैन दर्शन समजावून देण्याचे त्यांचे कार्य थांबले नाही. १९०१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षात, त्यांचे निधन झाले. आज त्या विरोधकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

शिवाय अनेकांतवादाचे संस्कार लाभलेल्या विद्यार्थ्याला या विषयाची वृत्ती घरूनच मिळालेली असते. सीमावाद असो वा हवामानबदल, प्रत्येक पक्षाचे म्हणणे कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.

व्यवहाराचाही विचार हवा. सी.ए.सारखा ठरलेला व्यवसाय ही पदवी हाती देत नाही. म्हणून तिच्या जोडीला एक परकीय भाषा आणि संख्याशास्त्र चांगले आत्मसात करावे. निर्यात, व्यापारी नियमन, संशोधन, पत्रकारिता, आंतरराष्ट्रीय संस्था अशी क्षेत्रे त्यातून खुली होतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अध्ययनाचे जुने व नामांकित केंद्र आहे. युरोपात लाइपझिगसारख्या विद्यापीठांत याच विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. परदेशी आहाराचे नियम पाळणे कठीण जाते, परंतु स्वतः रांधता येणाऱ्याला ते अशक्य नाही.

तेव्हा पालकांनी ‘पुढे काय होणार?’ हे अवश्य विचारावे. मात्र त्याआधी ‘तुला नेमके काय समजून घ्यायचे आहे?’ असेही विचारावे आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे.