रोमचें पाणी

रोमन लोकांची कीर्ति त्यांच्या सैन्यामुळें पसरली खरी. परंतु रोम नगर जगलें तें दुरून आणलेल्या पाण्यावर. इ. स. पूर्वी ३१२ मध्यें ॲपिअस क्लॉडिअस यानें पहिला जलमार्ग बांधविला. पुढें चार शतकांच्या आंत अशा मार्गांची संख्या नऊ झाली. यंत्रावांचून, केवळ उताराच्या बळावर, झऱ्यांचें व नद्यांचें पाणी सार्वजनिक हौदांत व स्नानगृहांत येत असे.

इ. स. ९७ मध्यें सम्राट् नर्व्हा यानें फ्रंटिनस यास जलाधिकारी नेमिलें. त्यानें स्वतः मोजमाप केलें, तों उगमाशीं शिरणारें पुष्कळसें पाणी नगरांत पोंचतच नाहीं, असें आढळलें. वाटेवरील जमीनदार जलमार्ग फोडून शेतें व बागा भिजवीत. खुद्द जलखात्याचे नोकर फरसबंदीखालीं चोरनळ बसवून पाणी विकीत. झरे भरपूर होते; उणीव होती ती सचोटीची. फ्रंटिनसनें चोरनळ उपटविले, तेव्हां त्यांचेंच पुष्कळ शिसें हातीं आलें. हा सारा हिशेब त्यानें ग्रंथरूपानें लिहून ठेविला.

इ. स. ५३७ मध्यें गॉथांनीं नगरास वेढा घालून जलमार्ग तोडले. तेव्हांपासून टेकड्यांवरील वस्ती ओसरत गेली आणि उरलेले लोक हळूहळू टायबर नदीच्या कांठीं सरकले.