एका टोपलीतली दोन कुळे : गोबी माशांची ओळख आणि वर्गीकरण

गोबी हा माशांचा फार मोठा गोतावळा आहे. आजवर वर्णन झालेल्या त्याच्या जाती दोन हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांत अजूनही नव्या जातींची भर पडत असते. यातले बहुतेक मासे बोटाएवढे किंवा त्याहून लहान असतात. ते तळाशी, चिखलात, खडकांच्या फटींत, तिवरांच्या मुळांशी किंवा प्रवाळांच्या खाचांत राहतात. फिलिपिन्समधला पंडाका पिग्मिया हा गोबी पूर्ण वाढल्यावरही जेमतेम १ सेंटीमीटरचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवरचा इव्हिओटा सिगिलाटा सारे आयुष्य सुमारे ५९ दिवसांत आटोपतो. कोकणच्या खाड्यांत मात्र या गोतावळ्यातले दोन मासे बऱ्यापैकी मोठे होतात, आवडीने खाल्लेही जातात : खरबी आणि निवटी. खाडीतून आलेल्या एकाच टोपलीत दोन्ही असू शकतात. त्यांना वेगळे ओळखायला खाडीकाठच्या माणसाला पुस्तक लागत नाही. पण एका ‘खरबी’ या नावाखाली किती जाती येतात, ‘निवटी’ म्हणजे नेमकी कोणती, आणि या दोघांचे आपसातले नाते काय, या प्रश्नांनी शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे गुंतवून ठेवले आहे.

मासा गोबी आहे की नाही हे ठरवताना त्याला आधी उताणा करून पाहतात. बहुतेक गोबींचे पोटाखालचे दोन पर कडेला जुळून त्यांची एक वाटी झालेली असते. ही वाटी दगडाला चिकटते, म्हणून प्रवाहात किंवा लाटांच्या माऱ्यात मासा जागचा हलत नाही. पाठीवर सहसा दोन वेगवेगळे पर असतात. पहिला आखूड, लवचीक काट्यांचा, आणि काटे बहुधा ६. दुसरा लांब आणि मऊ. शेपटीचा पर बहुतेकदा गोलसर असतो. इतर माशांच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी संवेदनांची रेषा, म्हणजे पार्श्वरेषा, गोबीच्या अंगावर नसते. तिचे काम डोक्यावरच्या सूक्ष्म नलिका आणि टाचणीच्या टोकाहून बारीक पुटकुळ्या करतात. ओळखीचा सगळ्यात भरवशाचा पुरावा या पुटकुळ्यांतच दडलेला आहे.

खडकाळ किनाऱ्यावरच्या डबक्यांत गोबीची गल्लत बहुधा ब्लेनी या माशाशी होते. दोघेही लहान, दोघेही तळाशी बसणारे. पण ब्लेनीच्या पाठीवर एकच लांबलचक पर असतो, पोटाखालचे पर वाटीसारखे न जुळता छातीच्या परांच्याही पुढे, गळ्याशी येतात, आणि अंगावर खवले नसतात. मासा हाती घेतला तर हा फरक क्षणात दिसतो. दुरून काढलेल्या छायाचित्रात तो हमखास निसटतो.

ही वाटी पाहून पूर्वी कुळेही ठरवत असत. पर जुळलेले असले तर तो खरा गोबी, सुटे असले तर इलिओट्रिस आणि त्याचे भाऊबंद, अशी सोपी विभागणी होती. तिवरांत राहणारा, मगरीसारख्या चपट्या तोंडाचा ब्यूटिस हा सुट्या परांचाच. पण नियम प्रवाळांवर फसला. तिथल्या अनेक लहान गोबींचे पर सुटे किंवा अर्धवट जुळलेले आहेत, मात्र हाडांची रचना खऱ्या गोबीची आहे. वाटी काही वंशांत नंतर नाहीशी झाली, एवढाच त्याचा अर्थ. मग शास्त्रज्ञ आतल्या खुणांकडे वळले. कल्ल्याच्या झाकणाखालच्या पडद्याला आधार देणाऱ्या काड्या ५ आहेत की ६, मणके किती, पाठीच्या पराचे आधार कोणत्या मणक्यांच्या मध्ये रुतलेले आहेत, हे क्ष-किरणांच्या चित्रात मोजता येते. अनेक गोबींत मणके २६ भरतात. १९८८ साली बर्डसाँग, मर्डी आणि पेझोल्ड यांनी असंख्य वंशांचे असे आकडे एकत्र मांडले. गोबींचे कोणते गट एकमेकांचे सख्खे, याचा अंदाज त्यातून बराच पक्का झाला.

यापुढची पायरी जातीची, आणि ती सर्वांत अवघड. खरबीचेच उदाहरण घ्यावे. मोठी, वीतभर किंवा त्याहून लांब खरबी बहुधा ग्लॉसोगोबियस गियुरिस या जातीची असते. ईस्ट इंडिया कंपनीतले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२ च्या ग्रंथात तिचे पहिले वर्णन केले. खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला, डोके चपटे, कुशीवर काळसर डागांची रांग, आणि तोंड उघडले तर जिभेचे टोक दुभंगलेले. वंशाच्या नावातला ‘ग्लॉसो’ म्हणजे जीभ, तो या खुणेवरूनच आला. ही जाती गोड्या पाण्यातही राहते आणि खाडीच्या मचूळ पाण्यातही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत तिचा पसारा सांगितला जात असे. एवढ्या मोठ्या प्रदेशात खरोखर एकच जाती आहे का, ही शंका रास्त होती.

त्या शंकेचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत एक नाव वेगळे उठून दिसते : जपानचे अकिहितो. १९८९ ते २०१९ या काळात ते जपानचे सम्राट होते, पण गोबींचा त्यांचा अभ्यास त्याआधी, युवराज असल्यापासूनचा. १९११ मध्ये इटलीच्या लुइजी सांझो यांनी गोबींच्या डोक्यावरच्या पुटकुळ्यांच्या रांगांना अक्षरे देऊन त्यांचा नकाशा मांडला होता. अकिहितोंनी याच पुटकुळ्या हाताशी धरल्या. १९६७ च्या निबंधात त्यांनी जपानमधल्या इलिओट्रिसच्या चार जाती या रांगांवरून वेगळ्या करून दाखवल्या. त्या चार माशांचा रंग आणि आकार इतका सारखा की नुसत्या नजरेने भेद कळू नये. १९७५ मध्ये सहकारी मेगुरो यांच्यासह त्यांनी ग्लॉसोगोबियस वंश तपासला आणि खरबीची जवळची नातलग असलेली ग्लॉसोगोबियस ऑरियस ही नवी जाती वेगळी काढली. पायउतार झाल्यावरही हे काम थांबले नाही. २०२१ मध्ये कॅलोगोबियस वंशातल्या दोन नव्या जातींचे वर्णन त्यांच्या नावे प्रसिद्ध झाले. एका बोटाएवढ्या माशाच्या गालावरच्या पुटकुळ्या मोजण्यात कुणी साठ वर्षे घालवावीत, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. या माशांची ओळख तेवढ्याच चिकाटीने होते.

निवटीची कथा वेगळी. ती ओहोटीच्या उघड्या चिखलावर चालते, उड्या मारते, ओल्या कातडीतून श्वास घेते आणि डोक्यावर उंच बसवलेल्या डोळ्यांनी चौफेर पाहते, त्यामुळे ती निवटी आहे हे कळायला वेळ लागत नाही. तिच्यातले वंशही वागण्यावरूनच ओळखता येतात. बोलिओफ्थाल्मस पाण्याच्या कडेशी, सपाट मऊ चिखलावर राहतो आणि डोके डावी-उजवीकडे घुसळत चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ खरवडतो. त्यासाठी खालच्या जबड्यातले दात आडवे झालेले असतात. पेरिऑफ्थाल्मस त्याहून वर, तिवरांच्या मुळांपर्यंत जातो आणि किडे, छोटे खेकडे पकडतो. त्याचे दात उभे असतात. स्कार्टेलाओस अगदी पातळ चिखलात राहतो. अंगाने तो काडीसारखा, आणि त्याच्या पाठीचा पहिला पर उंच, टोकदार उभारलेला असतो.

बोलिओफ्थाल्मसच्या आत मात्र वागणे उपयोगी पडत नाही. भारतात त्याच्या दोन जाती प्रामुख्याने सांगितल्या जातात. बोड्डार्टी १७७० साली पल्लास यांनी नोंदवली. तिचा मुख्य विस्तार भारतापासून पूर्वेकडे आग्नेय आशियापर्यंत आहे. डुसुमिएरी १८३७ साली व्हालॉन्सियेन यांनी नोंदवली आणि भारतीय किनाऱ्यावरचे मासे जमवून पॅरिसला नेणाऱ्या डुसुमिये या फ्रेंच प्रवाशाचे नाव तिला दिले. ती इराणच्या आखातापासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळते. निळे ठिपके दोघींवर. फरक खवल्यांत. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एका ओळीत मोजले तर बोड्डार्टीचे खवले साधारण ६० ते ८० भरतात. डुसुमिएरीचे त्याहून बारीक असल्याने शंभराच्या वर जातात. एडवर्ड मर्डी यांनी १९८९ मध्ये निवट्यांचा जगभरचा आढावा घेऊन या वंशाच्या पाच जाती निश्चित केल्या, आणि त्यात ही मोजणी कामी आली. म्हणून ‘मुंबईची निवटी बोड्डार्टीच’ असे जुन्या यादीवरून लिहून टाकणे धोक्याचे. खवले मोजल्याशिवाय ते म्हणू नये.

गोबींत नावांचा गोंधळ का होतो याची कारणे माशांच्या अंगातच आहेत. नर आणि मादी वेगळे दिसतात. अनेक जातींत नराच्या परांना लांब दोरे फुटतात, विणीच्या दिवसांत रंग गडद होतो. लिंग ओळखण्याची खूण म्हणजे पोटाच्या मागच्या बाजूचा छोटा कोंभ, नरात निमुळता आणि मादीत रुंद व बोथट. हे ध्यानात न घेतल्याने एकाच जातीला दोन नावे मिळाल्याची उदाहरणे आहेत. पिल्लू आणि प्रौढ यांतही अंतर असते. त्यात मेल्यानंतर रंग उडतो. जुने शास्त्रज्ञ दारूत किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या फिकट नमुन्यांवरून वर्णने लिहीत. जावा बेटावर लष्करी डॉक्टर असलेल्या ब्लीकर यांनी असंख्य गोबींना नावे दिली. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतीय माशांचा सचित्र ग्रंथ काढला. डच शास्त्रज्ञ कूमान्स यांनी १९४१ मध्ये भारतातल्या गोबींचा स्वतंत्र आढावा घेतला. एवढ्या हातांतून गेलेल्या नावांतली कित्येक पुढे एकमेकांत विलीन करावी लागली.

आता डीएनएची मदत होते. पेशीतल्या सीओआय या जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तो नोंदलेल्या तुकड्यांशी ताडतात. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या, काचेसारख्या पारदर्शक पिल्लाचीही जाती त्यावरून कळू शकते. पण ताडण्याच्या यादीत चुकीच्या नावाने नोंदलेला मासा असेल तर यंत्र तीच चूक पुन्हा सांगते. पुटकुळ्या पाहणारा डोळा आणि डीएनए वाचणारे यंत्र, दोन्ही लागतात.

डीएनएने सर्वांत मोठा फेरबदल कुळांच्या पातळीवर केला. पूर्वी निवट्यांचे स्वतंत्र कुळ मानत. चिखलात बिळे करून राहणारे, ईलसारखे लांब, बारीक डोळ्यांचे लालसर गोबी, उदाहरणार्थ ट्रायपॉचेन आणि ओडोंटॅम्ब्लिओपस, तेही वेगळ्या कुळांत टाकलेले होते. नंतर सगळ्यांना एकाच गोबी कुळात घेतले गेले. २००९ मध्ये क्रिस्टीन थॅकर यांनी डीएनएच्या आधारे या मोठ्या कुळाची दोन शाखांत फाळणी केली. त्यातल्या एका शाखेला आज ऑक्सुडर्सिडी म्हणतात. निवटी आणि बिळातले हे लाल, ईलसारखे गोबी त्याच शाखेत येतात, एकमेकांच्या अगदी शेजारी. चिखलावर उड्या मारणारा मासा आणि चिखलाखाली आंधळ्यासारखा जगणारा मासा जवळचे नातलग निघाले. खरबी मात्र मूळच्या गोबी कुळातच राहिली. टोपलीतल्या त्या दोन शेजारणी आता दोन कुळांच्या आहेत.

नेमकी ओळख केवळ यादीसाठी लागत नाही. काळ्या आणि कॅस्पियन समुद्राच्या भागातला निओगोबियस मेलानोस्टोमस हा गोबी जहाजांच्या तळातल्या भारपाण्यातून उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत सापडला. तिथून तो पाचही महासरोवरांत पसरला आणि तिथल्या तळाशी राहणाऱ्या माशांची जागा बळकावू लागला. स्थानिक स्कल्पिन मासा वरवर तसाच दिसतो, पण त्याचे पोटाखालचे पर सुटे असतात. या परदेशी माशाचे पर जुळलेले आणि पाठीच्या पहिल्या परावर मागे काळा ठिपका. मासेमारांना तिथे एवढ्याच दोन खुणा शिकवल्या जातात, आणि त्या पुरतात. भारतीय बंदरांतही जगभरची जहाजे येतात. इथे कोणते गोबी मूळचे, हे नीट नोंदलेले असेल तरच उद्या आलेला पाहुणा ओळखता येईल.

त्यासाठी खाडीकाठच्या माणसाचीही मदत होऊ शकते. गोबी सापडला तर तो जिवंत असतानाच, रंग उडण्याआधी, पर पसरलेल्या स्थितीत बाजूने एक आणि पोटाकडून एक छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी. जागा, तारीख, भरती होती की ओहोटी, चिखल होता की वाळू, हे लिहावे, आणि मासा स्थानिक बोलीत कोणत्या नावाने ओळखतात तेही. नमुना ठेवायचाच असेल तर छातीच्या पराचा छोटा तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा आणि मगच मासा फॉर्मॅलिनमध्ये घालावा. फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या माशाचा डीएनए वाचणे फार कठीण होते.