प्रौढ शिक्षणातील नेतृत्व आणि सहकार्य : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

प्रौढ शिक्षण म्हटले की रात्रीचा वर्ग, पाटी-पेन्सिल आणि अंगठ्याच्या ठिकाणी आलेली सही एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. साक्षरता हा प्रौढ शिक्षणाचा पाया आहे, हे निर्विवाद. तथापि प्रौढ व्यक्ती ही संसार, शेती, कर्ज, न्यायनिवाडा आणि गावकी यांचा अनुभव घेऊन शिकावयास येते. तिच्या शिक्षणाची दिशा कोणी ठरवावी आणि ते कोणाच्या सहकार्याने चालावे, हा प्रश्न अध्यापनपद्धतीइतकाच महत्त्वाचा ठरतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

या दोन्ही तालुक्यांचा पूर्वभाग कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे बागायती झाला आहे, तर पश्चिमभाग सह्याद्रीच्या उतारावरील भातशेतीचा, हिरड्याचा व प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या वस्तीचा आहे. पश्चिमेकडील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. एकाच तालुक्यातील या दोन परिस्थितींमुळे प्रौढांच्या शिक्षणविषयक गरजाही भिन्न आहेत.

ऐतिहासिक मागोवा :

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कामकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. पुढे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाचा विचार जुन्नर तालुक्यात, विशेषतः ओतूर परिसरात रुजला. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्या चळवळीत पुढे आले. सावकाराच्या खतात काय लिहिले आहे आणि धार्मिक विधीसाठी कोणावर अवलंबून राहावे लागते, हे प्रश्न तेथील कुणब्याच्या रोजच्या जगण्यातले होते. शिक्षणाची निकड त्यांतूनच निर्माण झाली. या परिसरातील प्रौढ शिक्षणाचा आरंभ लोकांच्या अडचणीपासून झाला, असे म्हणता येते.

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व नंतर ती राज्यभर विस्तारली. गावातील साक्षरांनी निरक्षरांना शिकवावे, प्राथमिक शिक्षकांनी मार्गदर्शन करावे आणि संपूर्ण गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ साजरा करावा, अशी तिची योजना होती. गावाच्या प्रतिष्ठेला आवाहन करणे हे या मोहिमेचे बलस्थान होते. मात्र समारंभानंतर वाचनाचे प्रसंगच न उरल्याने नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळण्याचा धोका राहिला.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाचा आरंभ झाला. १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी निरक्षरांसाठी साक्षरता, व्यावहारिक कौशल्य आणि सामाजिक जाणीव अशी त्रिसूत्री त्यात मांडली होती. १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा साक्षरता समित्या, स्वयंसेवक व कलापथके यांच्या साहाय्याने संपूर्ण साक्षरता मोहिमा राबविल्या गेल्या. २००९ मध्ये सुरू झालेला साक्षर भारत कार्यक्रम मार्च २०१८ मध्ये संपुष्टात आला. त्यानंतर २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखण्यात आला. तो पुढे ‘उल्लास’ या नावाने ओळखला गेला.

या सर्व योजनांत सहकार्याचा उच्चार सातत्याने आढळतो. परंतु उद्दिष्टाचा आकडा, अभ्यासक्रम आणि समाप्तीची तारीख यांचा निर्णय बहुधा गावाबाहेर झाला. गावाच्या वाट्याला सहभाग आला, निर्णय आला नाही. मोहिमेचा अधिकारी बदलला किंवा निधी थांबला की वर्गही थांबावा, याचे एक प्रमुख कारण येथे सापडते.

पडकई : सहकार्याची स्थानिक रीत :

आंबेगाव व जुन्नरच्या आदिवासी भागात ‘पडकई’ ही जुनी रीत आहे. डोंगरउतारावरील जमीन एकट्या कुटुंबाला खाचरात रूपांतरित करणे शक्य नसते. म्हणून काही कुटुंबे एकत्र येतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत पाळीपाळीने एकमेकांच्या शेतात काम करतात. दगड फोडून बांध रचणे, माती ओढून जमीन सपाट करणे आणि पाण्याला वाट काढून देणे, ही कामे त्यात येतात. मजुरी रोख दिली जात नाही. आज घेतलेले श्रम उद्या श्रमांनीच फेडावयाचे असतात.

शैक्षणिक दृष्टीने पाहता पडकईत तीन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे शिकणे व काम करणे येथे वेगळे काढता येत नाही. बांधाची रेषा कोठे धरावी, हे तरुण अनुभवी माणसाच्या शेजारी उभा राहून शिकतो. दुसरी म्हणजे नेतृत्व प्रसंगानुसार बदलते. ज्याच्या शेतात काम, तो यजमान. ज्याला उताराचे ज्ञान, तो मार्गदर्शक. तिसरी म्हणजे हिशोब सर्वांच्या समक्ष राहतो. कोणी किती दिवस दिले, हे प्रत्येकाला ठाऊक असते. ‘शाश्वत’ या संस्थेने कुसुम कर्णिक व आनंद कपूर यांच्या पुढाकाराने या भागात काम करताना पडकईला रोजगार हमीच्या कामाशी जोडण्याचा प्रयत्न केला. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्यांनी गावात असलेल्या रीतीचा आधार घेतला, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे.

डिंभे जलाशय : नव्या व्यवसायाचे शिक्षण :

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याचे नाव मात्र त्याच गावाचे राहिले आणि तालुक्याचे ठिकाण घोडेगाव आहे. काठावर उरलेल्या कुटुंबांची भातखाचरे पाण्याखाली गेली. नावात ‘कोळी’ असले, तरी महादेव कोळी हा डोंगरातील शेतकरी समाज आहे. मोठ्या जलाशयातील मासेमारी त्यांच्यासाठी नवा व्यवसाय होता. जाळी, होड्या, मत्स्यबीज, विक्री, मासेमारीचा हक्क आणि सहकारी संस्थेचे दप्तर हे सर्व प्रौढ वयात शिकावे लागले. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन कसण्याचा प्रश्नही सामूहिक प्रयत्नांतून हाताळला गेला. ‘शाश्वत’च्या कार्याला २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या अनुभवात साक्षरता साधन म्हणून येते. संस्थेचे इतिवृत्त वाचता आले नाही, तर सभासदाला प्रश्न विचारता येत नाही. पावतीवरील वजन कळले नाही, तर श्रमाचे मोल हातून निसटते. विस्थापित कुटुंबासाठी अक्षरओळख ही उपजीविकेच्या रक्षणाशी जोडलेली बाब ठरते.

ग्रामसभा आणि वनहक्क :

वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ याने प्रौढ शिक्षणाचे आणखी एक क्षेत्र खुले केले. या कायद्यानुसार ग्रामसभेने १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती निवडावयाची असते आणि त्यात किमान एकतृतीयांश महिला असणे आवश्यक आहे. दाव्यासाठी एकाहून अधिक पुरावे द्यावे लागतात. दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्या व्यक्तींचे लेखी नोंदविलेले निवेदन, हाही त्यांपैकी एक मान्य पुरावा आहे. येथे वृद्धाची स्मृती आणि तरुणाची लेखणी यांना परस्परांची गरज भासते. निरक्षर आजोबा ज्ञानाचे धनी असतात आणि शिकलेली नात त्यांची लेखनिक होते. कोणी कोणाला शिकविले, असा प्रश्न उपस्थित केल्यास त्याचे उत्तर दुहेरी द्यावे लागेल.

ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरी यांनी प्रौढ शिक्षणात संवादाला मध्यवर्ती स्थान दिले आणि शिक्षक व विद्यार्थी या भूमिका परस्परांत बदलतात, असे प्रतिपादन केले. सह्याद्रीच्या या पट्ट्यात त्या विचाराचा प्रत्यय ग्रामसभेच्या कागदपत्रांत येऊ शकतो.

सहकार्याच्या मर्यादा :

तथापि पारंपरिक सहकार्याचे अवास्तव गौरवीकरण टाळावयास हवे. जमीन नसलेल्या कुटुंबाला श्रमांच्या अदलाबदलीत समान लाभ मिळत नाही. स्त्रिया श्रमात बरोबरीने असतात, पण निर्णयाच्या बैठकीत त्यांचा आवाज क्षीण राहू शकतो. लेखनाचे काम एकाच शिकलेल्या व्यक्तीकडे दीर्घकाळ राहिले, तर दप्तरासोबत सत्ताही त्याच घरी जाते. म्हणून निमंत्रण, मार्गदर्शन व हिशोब ही तीन कामे वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावीत आणि ठरावीक काळाने बदलावीत. बचत गटांमध्ये सह्यांचा अधिकार व वहीलेखन आळीपाळीने देण्याचा आग्रह याच कारणासाठी धरला पाहिजे.

महाविद्यालयांची भूमिका :

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये विस्तारकार्याला अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे स्थान दिले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून कार्यरत आहे. परंतु सात दिवसांच्या शिबिरात प्रौढ शिक्षण घडत नाही. फार तर त्याची ओळख होते. या दृष्टीने प्राध्यापकांनी पुढील बाबींचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

१) गाव निवडण्यापूर्वी तेथील पडकई, सावड, भजनी मंडळ, बचत गट, दूध संस्था अशा चालू सहकार्याची नोंद घ्यावी व त्यांच्याच बैठकीला शिक्षणाची जोड द्यावी.

२) वर्गाची वेळ व विषय शिकणाऱ्यांनी ठरवावेत. भातलावणीच्या व हिरडा गोळा करण्याच्या दिवसांत वर्गाचा आग्रह धरू नये.

३) सातबारा उतारा, वजनाची पावती, बँकेचे पासबुक, ग्रामसभेचे इतिवृत्त यांचा पाठ्यसाहित्य म्हणून वापर करावा.

४) नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे आणि घोडेगाव येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. अशा यंत्रणा व गाव यांच्यातील दुवा म्हणून महाविद्यालयाने काम करावे.

५) किमान तीन वर्षे एकाच गावाशी संबंध ठेवावा. जबाबदारी गावाकडे कोणत्या टप्प्याने सोपवावयाची, हे पहिल्या वर्षीच ठरवावे.

समारोप :

जुन्नर व आंबेगावचा अनुभव असे दर्शवितो की, प्रौढ शिक्षणाचे यश केवळ उत्तीर्णांच्या संख्येवरून मोजता येत नाही. बाहेरचा कार्यकर्ता गेल्यावर दप्तर कोण लिहितो, सभा कोण बोलावतो आणि चुकीच्या हिशोबावर बोट ठेवण्याचे धैर्य कोणाला होते, या प्रश्नांच्या उत्तरांत ते यश दिसून येते. पडकईत ज्याच्या शेतात काम पूर्ण झाले, तो दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या बांधावर दगड वाहतो. महाविद्यालयाने गावाकडून शिकण्यासारखे नेतृत्व हेच आहे.